कुलूपबंद मेल

तेहतीस वर्षं मी पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. ट्रंक कॉल म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं. कोणी काही विचारलं, याचाच त्याला आनंद होईल. थोडक्यात सांगायचं तर परगावी बोलायचं असलं की लोक आधी आमच्याशी बोलत आणि मग आमच्या कानादेखत एकमेकांशी. शनिवार पेठेतली कुठली मुलगी बडोद्याच्या स्थळाला होकार देऊन लगेच इंदूरला रडत बोलली, कसबा पेठेतल्या एका प्रतिष्ठित गृहस्थांना सोलापूरहून कोणाचा अर्जंट कॉल येई आणि तो आला की ते दुकानातल्या नोकराला चहा आणायला का पाठवत, हे सगळं मला माहीत होतं. एक अक्षर बाहेर गेलं नाही. त्या गृहस्थांचा आता चौकात पुतळा आहे. जाता-येता मी त्याच्याकडे पाहून फक्त मान हलवते.

इतक्या लोकांची गुपितं सांभाळलेल्या बाईचं स्वतःचं एक गुपित पुण्यात बारा दिवस टिकलं नाही. त्याची ही हकिकत.

आमच्या घराला मेलचा पत्ता एकच. माधवरावांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, वीसेक वर्षांपूर्वी तो उघडला. 'घराला दार एक, मग मेल दोन कशाला?' हा त्यांचा युक्तिवाद. पासवर्ड स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. हे गेले, कपाट बदललं, चिठ्ठी नव्या कपाटाला चिकटवली गेली. ती मुलाला, सुनेला, नातीला तर ठाऊक आहेच, पण एकदा सुट्टीत राहून गेलेल्या नागपूरच्या भाच्यालाही ठाऊक आहे. मागच्या गणपतीत माझ्या पोटाच्या तपासणीचा रिपोर्ट त्या पत्त्यावर आला. आरतीला चाळीस माणसं जमलेली, आणि त्या भाच्याचा, गंधारचा, फोन आला. फोन स्पीकरवर होता. "मावशी, रिपोर्ट वाचला. इसबगोल घेतेस ना? कोमट पाण्यातून घे." त्यानंतर प्रसाद घेताना प्रत्येकजण मला 'तुम्ही जरा बेतानं' म्हणत होता.

त्यामुळे माझा बेत ठरला तेव्हा तो त्या मेलवर जाणार नाही, एवढं पक्कं होतं.

बेत असा. द्वारका ही माझी एक्स्चेंजमधली मैत्रीण. शेजारच्याच खुर्चीवर बसायची. तीस वर्षं हेडफोन लावून उजवा कान तिने सरकारला दिला, डावा अर्धा उरला आहे. ती गेल्या वर्षापासून लोणी काळभोरजवळच्या ज्येष्ठांच्या एका निवासात राहते. तिच्या शेजारची खोली रिकामी होणार होती. खिडकीतून ऊस दिसतो, आणि दाराला आतून कडी आहे. या कडीवर मी भाळले. आमचं घर दोन खोल्यांचं आणि एका दिवाणखान्याचं. मी आणि माझी नात ओवी एका खोलीत. तिचं कॉलेज, तिचे क्लास, तिच्या मैत्रिणी, सगळं त्याच खोलीतून चालतं आणि त्या सगळ्यांना पडद्यावर मी मागे अंथरुणावर दिसते. घरात माझ्यावर फार प्रेम आहे. प्रेम आहे म्हणूनच दार लावता येत नाही. पाच मिनिटं लावलं तर बाहेरून तीन आवाज येतात : "आई, बरं आहे ना?"

मग सरळ घरात का नाही सांगितलं? अस्मितामुळे. अस्मिता माझी सून. सासू निवासात निघाली ही बातमी नातेवाइकांत गेली की वाक्य एकच होणार : सुनेने बाहेर काढलं. पुष्कर, म्हणजे माझा मुलगा, रडणार, कुटुंबाची सभा बोलावणार, आणि त्या सभेत आरोपीच्या पिंजऱ्यात अस्मिता. जिने वीस वर्षं माझ्या गुडघ्यांना तेल चोळलं, तिच्या माथी हे मारायचं नव्हतं. म्हणून आधी खोली पक्की करायची, मग तिला एकटीला घेऊन बसायचं, सगळं समजावायचं आणि मग जगाला दोघींनी मिळून सांगायचं. अर्ज, आधारकार्ड, डॉक्टरांचा दाखला हे सगळं निवासाच्या कार्यालयात तीस तारखेला, शनिवारी दुपारी चारपर्यंत पोचायला हवं होतं. त्यानंतर खोली यादीतल्या पुढच्या माणसाला. पुढचा माणूस निवृत्त मेजर होता आणि तो रोज सकाळी बिगुल वाजवतो, असं द्वारकाने घाबऱ्या आवाजात सांगितलं.

मला वाटतं, इथेच मी रिक्षा करून कागद नेऊन दिले असते तर ही कथा झाली नसती. पण चार तास घराबाहेर राहायचं तर मला चार जणांना कारण द्यावं लागतं. आणि मेल ही आधुनिक गोष्ट आहे, असं मला वाटलं.

गुप्त मेल कसा पाठवतात, हे ओवीला विचारायची सोय नव्हती. ती आईला सगळं सांगते. राहिले खालच्या मजल्यावरचे सुदर्शन खांबेटे. आमच्या सोसायटीचे सचिव, एका बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त. त्यांना विचारलं, हे माझ्या आयुष्यातलं दुसरं मोठं साहस. पहिलं, त्यांना चहाला बोलावलं.

"द्वारकाला थोडं खाजगी लिहून पाठवायचंय," मी म्हटलं. "एक्स्चेंजमधल्या आठवणी वगैरे."

खांबेट्यांचा चेहरा जरा उतरला. "कोणाच्या आठवणी?"

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास खांबेटे दर गुरुवारी नाशिकला कॉल लावत. पण ते असो.

"आमच्याच," मी म्हटलं. ते सावरले आणि चकल्यांची बशी पुढे ओढून एक तास चाळीस मिनिटं बोलले. गोषवारा देते. मेल हा पोस्टकार्डासारखा, वाटेत कोणीही वाचावा. म्हणून त्याला कुलूप लावायचं. त्याला एन्क्रिप्शन म्हणतात. यात किल्ल्या दोन. एक सार्वजनिक, ती सगळ्या जगाला वाटायची.

"जगाला किल्ली वाटायची तर कुलूप कशाला?"

"ती फक्त लावायची किल्ली, रिसबूडबाई. उघडायची वेगळी. ती आपल्याजवळ."

"आमच्या जुन्या घरातल्या न्हाणीघराची कडी अशीच होती. लागायची, उघडायची नाही. शेवटी सुतार बोलवला."

"तसं नाही हो! यातलं सौंदर्य बघा. तुम्ही आणि समोरचं माणूस, दोघंच वाचणार. मधल्या कोणाला, अगदी कंपनीलासुद्धा दिसणार नाही. मधल्या माणसावर विश्वास ठेवायचाच नाही, हेच तर तत्त्व आहे!"

तेहतीस वर्षं मधलं माणूस असलेल्या बाईच्या घरात बसून, तिच्याच चकल्या खात, हे बोलायला धैर्य लागतं. मला ते बोलणं लागलं. पूर्वी आमच्याकडे पी.पी. कॉल असायचा. ज्याचं नाव सांगितलं तोच माणूस फोनवर आला तर जोडायचा, बायको आली तर 'नंतर करते' म्हणायचं. तेही कुलूपच होतं. फक्त ते ऑपरेटरच्या तोंडाला असायचं.

असो. खांबेट्यांनी मला परदेशातल्या एका कंपनीत खातं काढून दिलं. त्यांचा संगणक म्हणे एका डोंगराच्या पोटात आहे. पासवर्ड विसरलात तर, म्हणून त्या डोंगराने बारा इंग्रजी शब्द दिले आणि ते कागदावर लिहून सुरक्षित जागी ठेवा असं बजावलं. मी ते देवघरात अन्नपूर्णेच्या खाली ठेवले. निवासाच्या कार्यालयात असं खातं नव्हतं. तर त्यांच्यासाठी आणखी एक सोय : मेलला वेगळा पासवर्ड लावायचा आणि तो त्यांना दुसऱ्या मार्गाने कळवायचा. "आणि हे बघा," खांबेटे मिशीत हसले, "तीन दिवसांनी मेल आपोआप नष्ट. पुरावाच नाही!" मला हे फार आवडलं. कसला पुरावा, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

आता कागद संगणकात घालायचे होते. त्यासाठी मी मंगळवारी सकाळी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथे शेफाली नावाची मुलगी बसते. हुशार आहे, आवाज खणखणीत आहे. रांगेत सात माणसं होती. मी कागद पालथे घालून दिले. तिने ते सुलटे केले.

"आजी, वृद्धाश्रमाचा फॉर्म एकाच बाजूने स्कॅन करू की दोन्ही?"

रांगेतली सगळी डोकी पुढे झुकली.

"निवास," मी म्हटलं. "तो निवास आहे."

"हो, पण फाइलला नाव काय देऊ? 'रिसबूड आजी वृद्धाश्रम फायनल' चालेल? म्हणजे परत लागली तर पटकन सापडते. कोणी आलं तरी मी काढून देईन."

मागे वळले तर रांगेत तिसऱ्या नंबरवर सुरुची खांबेटे, सचिवांच्या सौभाग्यवती. तिने माझा हात हातात घेतला, दाबला, आणि काहीच बोलली नाही. सुरुची काही बोलत नाही तेव्हा समजावं, ती पाठ करते आहे.

तरीही मी हिंमत सोडली नाही. डोंगराच्या पोटातलं कुलूप अजून शाबूत होतं. दुपारी घर रिकामं असताना मी मेल पाठवला, खांबेट्यांनी शिकवल्याप्रमाणे. राहिला पासवर्ड, तो दुसऱ्या मार्गाने. निवासाचे व्यवस्थापक समर्थ काळभोर पुतणीच्या लग्नात होते, शनिवारीच येणार होते. तेव्हा द्वारकाला सांगायचा, ती त्यांना देईल. मी फोन लावला. आमच्या घरात धड रेंज फक्त बाल्कनीत येते. द्वारकाला फक्त डाव्या कानाने आणि फक्त मोठ्याने ऐकू येतं. बाकी माझं शिक्षण आड आलं.

ऑपरेटरला एक शिस्त असते. अक्षर एकदा सांगायचं नाही, गावाच्या नावासकट सांगायचं. आणि सगळं संपलं की पुन्हा एकदा, सावकाश, खात्रीसाठी. चोवीस वर्षं झाली निवृत्त होऊन. पण 'हॅलो पूना' म्हणताच माझा आवाज आपोआप वर चढला. तो आवाज एके काळी बेळगावपर्यंत तारेशिवायही गेला असता, असं सुपरवायझर म्हणत.

"लिहून घे, द्वारका! टी फॉर त्रिवेंद्रम! मोठी! आर फॉर राजकोट! यू फॉर उदयपूर! एन फॉर नागपूर! के फॉर कोल्हापूर! पुढे आकडे. एक, नऊ, सहा, नऊ! रिपीट करते..."

मी रिपीट केलं. खालून आवाज आला. खांबेटे पार्किंगमध्ये स्कूटर पुसत होते.

"रिसबूडबाई! शेवटचं उद्गारचिन्ह राहिलं! त्याशिवाय उघडायचं नाही!"

समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी गॅलरीतून हात वर करून त्याला दुजोरा दिला.

संध्याकाळी जिन्याखालच्या फळ्यावर सूचना होती. 'सभासदांनी आपले पासवर्ड सामाईक जागेत ओरडून सांगू नयेत. सांगितल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही. – सचिव.' त्याखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं : 'पण पासवर्ड चांगला आहे.'

यातली गंमत नीट लक्षात घ्यावी. मेल कोणीही वाचला नाही. जगातला कोणताही हेर तो वाचू शकला नसता. फक्त त्यात काय आहे हे शेफालीमुळे कळलं होतं, पासवर्ड माझ्यामुळे आणि विरामचिन्ह सचिवांमुळे.

बुधवारपासून आमच्याकडे खाऊ यायला लागला. नारळाच्या वड्या, दाण्याचा लाडू, कोणाची सुरळीची वडी. प्रत्येक डबा माझ्या हातात देताना आवाज हळवा आणि नजर अस्मितावर. लिफ्टमध्ये म्हणे तिच्याशी कोणी बोलेना. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी तर तिला ऐकू जाईल असं लिफ्टलाच सांगितलं, "आपल्यालाही म्हातारं व्हायचंय." आणि हे पुणं असल्यामुळे सरळ विचारायला कोणी तयार नाही. कारण विचारलं की उत्तर ऐकावं लागतं आणि मग पुढे सांगायला काही उरत नाही. गुरुवारी नागपूरहून गंधारचा फोन आला. "मावशी, तू इकडे ये. इथे तुला कोणी काढणार नाही." मी फोन ठेवला आणि पहिल्यांदाच मला रडू आलं. ज्या एका गोष्टीसाठी एवढं कुलूप लावलं तीच झाली होती. आणि अस्मिता? मुकाट्याने वड्या डब्यात भरून ठेवत होती. तिला सांगायला मी तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा पुष्कर 'आई, बरं आहे ना?' म्हणत आला.

शनिवारी सकाळी समर्थ काळभोरांचा फोन. गडी मोकळ्या मनाचा.

"काकू, तुमचा मेल आलाय, पर त्यात काय बी न्हाई. नुसतं कुलपाचं चित्र हाय."

"पासवर्ड टाकला का? उद्गारचिन्हासकट?"

"समदं टाकलं. द्वारकाकाकूंनी दोनदा वरडून सांगितलं, निवासात समद्यांना पाठ झालाय. पर ते म्हनतंय, मेल संपला. तीन दिवसांचाच हुता."

पुरावाच नाही. शुक्रवारी दुपारी माझा अर्ज डोंगराच्या पोटात गडप झाला होता.

"तुम्ही कागद हातानं आना ना," समर्थ म्हणाले. "चारपर्यंत मी हाय. त्यानंतर मेजरसाहेबांना खोली द्यावी लागंल. ते आत्ताच बिगुल घिऊन आल्यात बघायला."

अस्मिता सकाळीच स्कूटर घेऊन कुठेतरी गेली होती. घरात जेवणं उरकेपर्यंत मला हलता येईना. पावणेतीनला मी पिशवीत कागद घातले, साडी बदलली आणि ओवीला 'देवळात जाते' असं सांगितलं. तिने विचारलं, "पायात बूट घालून?" मी दार उघडलं, तर दारात शिष्टमंडळ. सुरुची, तिच्यामागे खांबेटे, त्यांच्यामागे पहिल्या मजल्यावरच्या बाई.

"वहिनी, आम्ही आज बोलणार आहोत," सुरुची आत शिरत म्हणाली. "अस्मिता कुठाय?"

"बाहेर गेलीय. मलाही जायचंय."

"कुठे जायचंय ते ठाऊक आहे आम्हाला. आम्ही असेपर्यंत तुम्हाला कोणी घालवू शकत नाही." आणि ती सोफ्यावर बसली, पिशवी माझ्या हातातून घेऊन. घड्याळात तीन वाजले. मी सांगितलं की मी माझ्या मनाने जाते आहे. सुरुचीने मान हलवली. "असंच बोलायला लावतात." मी सांगितलं, अस्मिता गुणाची आहे. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. "बघा, अजून तिचीच बाजू घेतात." खरं बोलून सुटका नाही, अशा अवस्थेला मी त्याआधी फक्त लग्नाच्या बोलण्यांमध्ये पोचले होते. साडेतीन वाजले. लोणी काळभोरला आता पंख असते तरी पोचण्यासारखं नव्हतं.

इतक्यात अस्मिता आली. हेल्मेट काखेत, केसांत धूळ.

"बस," सुरुची म्हणाली. "सोसायटीतर्फे आम्हाला तुला चार गोष्टी सांगायच्या आहेत. सासूला असं या वयात..."

"सुदर्शनराव," मी म्हटलं. माझा आवाज आपोआप एक्स्चेंजच्या पट्टीत गेला. "एन फॉर नाशिक."

खांबेटे उभे राहिले.

"नाशिक काय?" सुरुचीने विचारलं. "त्या दिवशी तर नागपूर होतं."

"चल, सुरुची. दूध तापत ठेवलंय."

"मी गॅस बंद करून आलेय!"

"चल म्हणतो ना!"

मी काहीही फोडलेलं नाही, हे इथे नोंदवून ठेवते. एका शहराचं नाव घेणं हा गोपनीयतेचा भंग होत नाही. शिष्टमंडळ गेलं. पहिल्या मजल्यावरच्या बाई जाताना सुरळीच्या वडीचा डबा परत घेऊन गेल्या.

मी अस्मितासमोर बसले. आता काही उरलं नव्हतं. खोली गेली होती, अब्रू तिची गेली होती. "अस्मिता, मला तुला एक सांगायचंय," मी सुरुवात केली.

तिने हेल्मेट खाली ठेवलं, पर्समधून एक पावती काढून माझ्यापुढे ठेवली. निवासाची. अर्ज मिळाला, वेळ दुपारी एक वाजून दहा मिनिटं, खोली क्रमांक चौदा, पद्मजा माधव रिसबूड.

"शेफालीने फाइल लगेच काढून दिली," ती म्हणाली. "दोन्ही बाजूंनी छापून घेतलं. कागद वाचतो. आधारकार्ड तुमच्या कपाटातलं झेरॉक्स केलं. येताना हडपसरला अडकले, नाहीतर लवकर आले असते."

"तुला कधी कळलं?"

"तुम्ही पहिल्यांदा चौकशीला गेलात ना द्वारकामावशींना भेटायच्या निमित्ताने, तेव्हा तिथल्या चिठ्ठीवर तातडीच्या वेळी संपर्क म्हणून माझा नंबर लिहिलात. काळभोरांनी त्याच संध्याकाळी फोन केला, नंबर बरोबर आहे का बघायला. आज सकाळीही त्यांनीच सांगितलं, मेल रिकामा आलाय."

म्हणजे जिच्यापासून लपवायचं तिचाच नंबर मी स्वतःच्या हाताने लिहून आले होते. पण तातडीची वेळ म्हटल्यावर दुसरं नाव मला सुचलंच नव्हतं.

"पुष्करला?"

"नाही सांगितलं."

"लिफ्टमध्ये एवढं ऐकून घेतलंस. मला तरी म्हणायचंस."

"तुम्ही मला सांगितलं नव्हतंत, आई. मग मला माहीत नव्हतं." ती उठली, चहा टाकायला. आतून म्हणाली, "आणि ते बारा शब्द अन्नपूर्णेखाली ठेवू नका. देव घासताना ओले होतात. मी वाळवून परत ठेवलेत. वाचले नाहीत."

मी तेहतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढली, शंभरेक मुली तयार केल्या. अशी ऑपरेटर मला मिळाली नाही.

पुष्कर कानातले इअरफोन काढत खोलीतून बाहेर आला. "काही झालं का? आई, बरं आहे ना?" त्याला आम्ही रविवारी सांगितलं. तो रडला, सभा बोलावतो म्हणाला. अस्मिता म्हणाली, बोलव, पण डबे परत करायचे आहेत ते आधी नेऊन दे.

आता मी चौदा नंबरमध्ये राहते. खोलीला किल्ल्या दोन आहेत. एक माझ्या गळ्यात आणि दुसरी अस्मिताकडे. दर शनिवारी दुपारी ती ऑफिसचं काम सांगून येते, दार लावते, आतून कडी घालते आणि माझ्या पलंगावर तीन तास गाढ झोपते. मी बाहेर व्हरांड्यात द्वारकाशी ओरडून बोलत बसते. सुरुचीचा फोन येतो, "अस्मिता शनिवारी जाते कुठे हो?" मी सांगते, लाइन एंगेज आहे.

हे लिहू का, असं मी अस्मिताला विचारलं होतं. ती म्हणाली, "कुठे छापणार?" मी म्हटलं, मराठी मासिकात.

"मग हरकत नाही," ती म्हणाली. "आपल्या सोसायटीत ते कोणी उघडत नाही."